झोपलेल्या पोराच्या कानात इंग्रजी ओतू नका

गेल्या मंगळवारी रात्री साडेदहाला कऱ्हाडहून धाकट्या बहिणीचा फोन. "ताई, ओमच्या कानातले इअरफोन झोपेत निघतात गं. बिनवायरचे घेऊ का?" ओम माझा भाचा, दुसरीत आहे. सात वर्षांचं पोर गेले तीन आठवडे इअरफोन घालून झोपतंय, हे मला तेव्हा कळलं. का म्हणून विचारलं, तर तिने एक मेसेज पुढे पाठवला आणि खाली लिहिलं, "तू तर कोरियन मुलांनाच शिकवतेस. तुला हे माहीत असणारच."

मेसेज तुमच्याकडेही आला असेल. माझ्याकडे त्यानंतर आणखी दोन ग्रुपवर आला, एक सोसायटीचा आणि एक शाळेच्या बॅचचा. नसेल वाचला तर थोडक्यात सांगते. मथळा आहे 'कोरियाच्या इंग्रजीचं गुपित'. म्हणे कोरियात इंग्रजीचं व्याकरण शिकवतच नाहीत, नुसतं ऐकवतात. ऐकण्याच्या परीक्षेसाठी तिथे विमानं थांबवतात. मुलांना रात्री कानाला इंग्रजी लावून झोपवतात, कारण झोपेत मेंदू चौपट वेगाने भाषा शोषून घेतो. घरात मातृभाषा बंद ठेवतात. मालिका सबटायटलशिवायच दाखवतात. काही आईबाप तर मुलांच्या जिभेखालचा पडदा कापून घेतात, म्हणजे उच्चार अमेरिकन होतात. म्हणून आज प्रत्येक कोरियन माणूस फाडफाड इंग्रजी बोलतो आणि आपण मराठी माणसं मागे राहिलो. सगळ्यात शेवटी ९० रात्रींच्या ऑडिओची लिंक, किंमत ४९९ रुपये.

मी पुण्यात अकरा वर्षं कोरियन मुलांना इंग्रजी शिकवते. रांजणगाव, तळेगाव, चाकण या पट्ट्यातल्या कारखान्यांत वडील नोकरीला येतात, मुलं इथल्या इंग्रजी शाळेत जातात आणि तीन-चार वर्षांनी सगळे परत जातात. त्यामुळे आया माझ्याकडे दोन गोष्टी मागतात. इथे वर्गात बाई काय बोलतात ते कळलं पाहिजे, आणि परत गेल्यावर तिथल्या ऐकण्याच्या परीक्षेत मार्क पडले पाहिजेत. या दोन गोष्टी एक नाहीत हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. मेसेज लिहिणाऱ्याला ते अजून कळलेलं नाही.

विमानांचं खरं आहे. ते आधी मान्य करून टाकते, कारण या एका खऱ्या गोष्टीच्या जोरावर बाकीचं सगळं लोकांच्या गळी उतरतं. दर नोव्हेंबरात एका गुरुवारी कोरियात 'सुनुंग' असते, विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. पाच लाखांच्या आसपास मुलं एकाच दिवशी बसतात. इंग्रजीचा पेपर दुपारी १ वाजून १० मिनिटांनी सुरू होतो आणि सुरुवातीलाच ऐकण्याचे प्रश्न असतात. म्हणून १ वाजून ५ मिनिटांपासून १ वाजून ४० मिनिटांपर्यंत, आणीबाणी सोडली तर, देशभरात एकही विमान ना उडत ना उतरत. जी आधीच हवेत आहेत त्यांना तीन किलोमीटरच्या वर थांबावं लागतं. कारण साधं आहे. ऐकण्याच्या १७ प्रश्नांपैकी पहिले १५ एकदाच ऐकवतात. शेवटच्या दोन प्रश्नांचा उतारा तेवढा दोनदा. एखाद्या शाळेवरून नेमकं त्याच वेळी विमान गेलं, तर त्या शाळेतल्या पोरांचं वर्ष गेलं. विमानं थांबतात ती सगळ्यांना सारखं ऐकू यावं म्हणून. आपल्याकडे दहावीच्या केंद्राजवळची झेरॉक्सची दुकानं बंद ठेवतात. त्यावरून इथली मुलं गणित कशी शिकतात हे कुणाला कळेल का?

आता झोपेचं. हे मला सगळ्यात जास्त लागलंय, म्हणून इथे थांबते.

झोपेत शिकण्याची कल्पना नवी नाही आणि तिचा निकालही नवा नाही. १९५६ साली अमेरिकेत रँड कॉर्पोरेशन या संशोधन संस्थेतल्या सायमन आणि एमन्स या दोघांनी झोपलेल्या माणसांना माहिती ऐकवली आणि त्याच वेळी डोक्याला तारा लावून त्यांच्या मेंदूच्या लहरीही मोजल्या. त्याआधी जे कुणी 'झोपेत शिकलो' म्हणत होते, ते खरंच झोपले होते का हे कुणी नीट तपासलंच नव्हतं. या दोघांनी तपासलं. गाढ झोप लागल्यावर जे ऐकवलं, ते सकाळी कुणाला आठवेना. जे काही आठवलं ते अर्धवट जागेपणी कानावर पडलेलं.

एक गोष्ट कबूल करते, नाहीतर कुणीतरी तीच काढून दाखवेल. अलीकडे स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांनी जर्मन बोलणाऱ्या माणसांना संध्याकाळी डच शब्द पाठ करायला लावले आणि मग झोपेत त्यातलेच काही शब्द हळू आवाजात ऐकवले. ते शब्द थोडे जास्त लक्षात राहिले. पण ते आधी जागेपणी अर्थासकट पाठ केलेले होते. ओमच्या कानात जे वाजतंय ते त्याला जागेपणीही कळत नाही. जे आत गेलंच नाही, ते झोपेत पक्कं कसं होणार?

आणि ज्याने माझं स्वतःचं शिकवणं बदललं तो प्रयोग सांगते. तो कुठल्याही आईला सांगितला की तिला लगेच पटतो. २००३ साली वॉशिंग्टन विद्यापीठातल्या पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांची अमेरिकन बाळं घेतली. या वयाचा कान फार तल्लख असतो. जगातल्या कुठल्याही भाषेचे बारीक आवाज तो वेगळे ओळखू शकतो, आणि वर्षाच्या आसपास परक्या भाषेचे आवाज त्याच्यातून निसटायला लागतात. काही बाळांसमोर चिनी बोलणारी माणसं बसली. त्यांनी पुस्तकं वाचून दाखवली, खेळणी हलवली, बाळाकडे बघत बोलली. अशा बारा बैठका, प्रत्येकी साधारण पंचवीस मिनिटांच्या. दुसऱ्या बाळांना तसंच बोलणं टीव्हीवर दाखवलं. तिसऱ्यांना नुसता आवाज ऐकवला. मग चिनीतले दोन जवळजवळचे आवाज बाळाला वेगळे ओळखता येतात का ते पाहिलं. ज्यांच्यासमोर जिवंत माणूस बसलं होतं ती बाळं तैवानमधल्या बाळांच्या तोडीची निघाली. टीव्हीवाली आणि नुसत्या आवाजाची बाळं मात्र चिनी कधीच न ऐकलेल्या बाळांइतकीच कोरी राहिली.

पुन्हा वाचा. बाळं टक्क जागी होती, आवाज खऱ्या माणसांचे होते, कान अजून तीक्ष्ण होता, आणि तरी नुसत्या आवाजाने काही झालं नाही. मग दिवसभर शाळा, खेळ, अभ्यास करून दमून झोपलेल्या दुसरीतल्या मुलाला ४९९ रुपयांची फाईल काय शिकवणार?

ओम काही नऊ महिन्यांचा नाही, हे मला माहीत आहे. सात वर्षांचं मूल जागेपणी, लक्ष देऊन, अर्थ कळत असेल तर रेकॉर्डिंगवरूनही शिकतं. मी स्वतः रोज रेकॉर्डिंग वापरते. पण या तीन अटींपैकी झोपेत एकही पुरी होत नाही. शिवाय कानाचंही बघा. जागतिक आरोग्य संघटनेने मुलांसाठी सांगितलेली मर्यादा ७५ डेसिबलला आठवड्याला ४० तास आहे. रोज आठ तासांच्या हिशोबाने आठवड्याचे ५६ तास होतात. आवाज किती ठेवतेस म्हणून बहिणीला विचारलं, तर म्हणाली, "पंख्याच्या वर ऐकू येईल एवढा."

कोरियन आया असं करतात का? अकरा वर्षांत माझ्याकडच्या एकाही आईने मुलाला इअरफोन घालून झोपवल्याचं मी ऐकलं नाही. करतात ते वेगळंच, आणि मला वाटतं तिथेच या अफवेचं मूळ आहे. कोरियात घरी आईने इंग्रजी शिकवायची मोठी पद्धत आहे. त्यात एक शब्द आहे 'हुल्यो-दुत्की', म्हणजे कानावरून वाहू देत ऐकणं. मूल जेवतंय, ठोकळे रचतंय, मागे इंग्रजी गोष्ट चालू आहे. पण त्याच पद्धतीत दुसरा शब्द आहे 'चिपजुंग-दुत्की', लक्ष एकवटून ऐकणं. पुस्तक समोर उघडं, मुलाचं बोट ओळीखाली, आवाज पुढे जाईल तसं बोट पुढे. मेहनत सगळी या दुसऱ्यात आहे. मेसेजवाल्याने पहिला शब्द उचलला, त्यातलं जागेपण काढून टाकलं आणि दुसरा शब्द गाळला.

'घरात मातृभाषा बंद' हे वाचून तर मी फोन खाली ठेवला. कारण या एका वाक्याने आपल्याकडे किती घरांत आई-मुलाचं बोलणं तुटलंय ते मी बघते. आईला धड इंग्रजी येत नाही, मराठी बोलायचं नाही असं ठरलेलं, मग ती 'ईट', 'कम', 'सिट' एवढंच बोलत राहते. ज्या परीक्षेसाठी विमानं थांबतात, तिचा पेपर उघडून बघा. ऐकण्याचे प्रश्न कोरियन भाषेत विचारलेले असतात. सूचना कोरियनमध्ये. कित्येक प्रश्नांचे पाचही पर्याय कोरियनमध्ये. सूचना देणाऱ्या बाईचा हेतू काय, माणूस किती पैसे देईल, चित्रातलं काय चुकीचं आहे, हे सगळं इंग्रजीत ऐकायचं आणि आपल्या भाषेत समजून उत्तर द्यायचं. तिथलं शाळकरी पोर विज्ञान, इतिहास, गणित सगळं कोरियनमध्ये शिकतं. शाळेत इंग्रजी तिसरीपासून सुरू होतं, तेही १९९७ पासून. कोरियाचं उदाहरण देऊन मराठी बंद करायला सांगणं हे धडधडीत खोटं आहे.

आणि मातृभाषा ही कान शिकवायचं हत्यार आहे, ते कसं ते सांगते.

सातवीतला एक मुलगा होता. 'निकनेम' हा शब्द तो 'निंगनेम' म्हणायचा. मी 'निक्-नेम' म्हणून दाखवलं की तो मान हलवून 'निंगनेम' म्हणायचा आणि शपथेवर सांगायचा की टीचर, आपण दोघं एकच म्हणतोय. तो खोटं बोलत नव्हता. त्याला एकच ऐकू येत होतं. रेकॉर्डिंग वीस वेळा लावलं तरी तेच. मग एक दिवस त्याच्या आईने मला त्यांच्या रश्शाला काय म्हणतात ते सांगितलं. लिहितात 'कुक-मुल', बोलताना होतं 'कुंगमुल'. कोरियनमध्ये 'क'नंतर 'म' किंवा 'न' आला की 'क' नाकात जातो, आपोआप, बोलणाऱ्याला कळतही नाही. दुसऱ्या दिवशी मी त्याला कोरियन अक्षरांत तो शब्द लिहायला लावला आणि म्हटलं, आता लिहिलाय तसा वाच, बोलतोस तसा नको. तो अडखळला, हळू वाचला, थांबला. मग मी पुन्हा 'निकनेम' लावलं. यावेळी त्याने डोकं वर करून माझ्याकडे बघितलं. 'क' त्याला पहिल्यांदा ऐकू आला होता. एकविसाव्या वेळी ऐकू आला तो त्याच्या स्वतःच्या भाषेमुळे.

आपलंही असंच आहे. 'व्ही' आणि 'डब्ल्यू' आपल्याला एकच वाटतात, दोन्हीला आपण 'व' लावतो. उलट 'जग' म्हणजे दुनिया आणि 'जग' म्हणजे जगत राहा, यातले दोन 'ज' आपल्या कानाला झटकन वेगळे कळतात. नव्याने मराठी शिकणाऱ्या हिंदी माणसाला ते महिनोन्‌महिने कळत नाहीत. त्याचा कान खराब नसतो. त्याच्या भाषेने त्या फरकाची गरजच पाडलेली नसते. नुसतं ऐकत राहिल्याने तो फरक कानात उगवत नाही. कुठे कान द्यायचा ते कुणीतरी दाखवावं लागतं.

दुसरं उदाहरण तर रोजचंच. 'आय कॅन्ट मेक इट ऑन फ्रायडे' हे वाक्य अमेरिकन आवाजात लावलं की माझी निम्मी मुलं 'आय कॅन मेक इट' लिहितात. शेवटचा 'ट' बोलणारा गिळून टाकतो. मुलं तो 'ट' ऐकायची वाट बघतात, तो येत नाही, मग उलटा अर्थ लिहून मोकळी होतात. दहा वेळा लावा, दहा वेळा उलटंच. तिथे मी वाक्य हातात देते आणि सांगते, 'ट' शोधू नका, 'कॅ' बघा. येतो म्हणताना ते 'आय क्न मेक इट' असं घाईत जातं, 'कॅन' जवळजवळ नाहीसा होतो. येत नाही म्हणताना 'कॅ' पुरा, ठसठशीत येतो. एवढं सांगून पुन्हा लावलं की खोलीतली दोन-तीन मुलं एकदम "अ‍ा" म्हणतात. कोरियन वर्गांत यासाठी 'पादास्सुगी' करतात, ऐकून लिहून काढणं, आपलं श्रुतलेखन. छोटा तुकडा, थांबवा, लिहा, छापील मजकुराशी ताडून बघा, कुठे कान घसरला ते लाल पेनने खुणा करा, पुन्हा ऐका. कंटाळवाणं काम आहे. चार ओळींना अर्धा तास जातो. पण ऐकणं शिकवायचं म्हणजे हेच.

'व्याकरण शिकवत नाहीत' याला फार वेळ देत नाही. सुनुंगच्या इंग्रजीत ७० मिनिटांत ४५ प्रश्न असतात. ऐकण्याचे १७, साधारण पंचवीस मिनिटांचे, १०० पैकी ३७ गुणांचे. उरलेले २८ वाचनाचे आणि त्यात एक थेट व्याकरणाचा. वाचनाचे उतारे इतके घट्ट असतात की मोठ्यांनाही घाम फुटतो. २०१७ पासून इंग्रजीत ९० आणि वर गुण म्हणजे पहिली श्रेणी असा सरळ हिशोब आहे. तरी नोव्हेंबर २०२३ च्या पेपरात ती ४.७१ टक्के मुलांना मिळाली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ३.११ टक्के. त्यावरून एवढा गदारोळ झाला की पेपर काढणाऱ्या संस्थेच्या प्रमुखांनी राजीनामा दिला. मुलं आपटतात ती वाचनात.

इतकी, की ती ऐकण्याच्या वेळातच वाचनाचे प्रश्न सोडवतात. हे मला सोलला परत जाऊन सुट्टीत पुण्याला आलेल्या एका मुलाने करून दाखवलं. माझ्या जेवणाच्या टेबलावर जुना पेपर ठेवला, मोबाईलवर ऐकण्याचा भाग लावला. प्रश्नाची सूचना संपायच्या आत त्याने पान उलटलं, मागे एका जाहिरातीवरचा सोपा प्रश्न होता, तो वाचायला लागला. डाव्या हाताचं बोट पुढच्या पानात, कान मोबाईलकडे. संवाद आला की पान परत, उत्तराचा शब्द ऐकू आला की खूण, संवाद संपायच्या आत पुन्हा मागे. पंचवीस मिनिटांत ऐकण्याचे सतरा आणि वाचनाचे पाच झाले. "हाग्वॉनमध्ये असंच शिकवतात," म्हणाला. हाग्वॉन म्हणजे त्यांचे क्लास. परीक्षेचे आवाज स्टुडिओतले, स्वच्छ, अमेरिकन, एक बाई एक पुरुष, कुणी कुणाचं वाक्य तोडत नाही. प्रश्नांचे साचे ठरलेले. म्हणून हे जमतं. हुशार मुलगा होता आणि त्याने परीक्षा जिंकली, पण हे ऐकणं नव्हे.

आठवीतल्या एका मुलीचं तर मला फार वाईट वाटायचं. कोरियात शाळकरी मुलांची वर्षातून दोनदा ऐकण्याची चाचणी होते, वीस प्रश्नांची, ईबीएस या शैक्षणिक वाहिनीवरून. त्याचे जुने पेपर ती वीसपैकी एकोणीसच्या खाली सोडवायची नाही. आणि इथल्या शाळेत खेळाचे सर "लीव्ह युवर बॅग्स हिअर ओन्ली अँड कम फास्ट" म्हणाले, की सगळी मुलं पळायची आणि ही दप्तर घेऊन उभी. तिला वाटायचं आपलं इंग्रजी गेलं. तीन महिने मी तिला फक्त खऱ्या माणसांचं ऐकवलं: माझ्या शेजारीण काकू, रिक्षावाले दादा, दुकानदार, तिच्याच वर्गातली पोरं, परवानगी घेऊन रेकॉर्ड केलेली. पेपरातले मार्क तेवढेच राहिले, पण दप्तर खाली ठेवायला ती शिकली.

'सगळे कोरियन फाडफाड बोलतात' हे तर कुठल्याही कोरियन माणसाला सांगून बघा. सुनुंगमध्ये बोलायची परीक्षाच नाही. 'यावर ती काय म्हणेल' याचं उत्तर पाचातून एक निवडून द्यायचं, तेच त्यांचं बोलणं. बोलणं आणि लिहिणं खरंच तपासणारी सरकारी परीक्षा २०१२ मध्ये सुरू झाली होती, ती सुनुंगची जागा घेणार असं चाललं होतं. ती काही वर्षांतच गुंडाळली. शाळेबाहेरच्या शिकवण्यांवर कोरियन घरांनी २०२४ मध्ये सुमारे २९ लाख कोटी वॉन खर्च केले, आणि विषयवार सगळ्यात मोठा वाटा इंग्रजीचा. बायको-मुलांना इंग्रजीसाठी परदेशी ठेवून एकटे राहणाऱ्या बापांना तिथे 'हंसबाप' म्हणतात, एवढे ते आहेत. ९० रात्रींत काम होत असतं तर ही माणसं वेडी आहेत का?

सबटायटलचं अर्धं खरं आहे, आणि तेही मोडून सांगितलंय. बीटीएस या कोरियन गाण्याच्या ग्रुपमधला आरएम अमेरिकन मालिका बघून इंग्रजी शिकला, हे त्याने २०१७ मध्ये अमेरिकन टीव्हीवर स्वतः सांगितलंय. पण क्रमही त्यानेच सांगितला: आधी कोरियन सबटायटल लावून, मग इंग्रजी लावून, आणि मग सबटायटल काढून. आधी अर्थ, मग शब्द, मग नुसता कान. मेसेजवाल्याने शेवटची पायरी पहिली केली.

जिभेचं लिहितानाही अंगावर काटा येतो. २००० नंतरच्या काही वर्षांत असे प्रकार झाल्याच्या बातम्या जगभर छापून आल्या, आणि कोरियाच्या मानवाधिकार आयोगाने २००३ मध्ये काढलेल्या चित्रपटात त्यावर एक भाग होता, लोकांना थांबवण्यासाठी. तोच अत्याचार इथे 'गुपित' म्हणून विकला जातोय. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली कोरियन मुलं त्याच जिभेने 'र' आणि 'ल' अमेरिकन मुलांसारखे म्हणतात. कोरियन भाषेत हे दोन वेगळे आवाज धरत नाहीत, लिपीतही दोन्हींसाठी एकच अक्षर आहे, अडचण तिथून सुरू होते. ज्या बाळाची जीभ खरंच चिकटलेली असते त्याचं डॉक्टर बघतील. इंग्रजीसाठी कुणाच्याही जिभेला हात लावू नका.

बहिणीला मी फोनवर एवढंच सांगितलं की आज रात्रीपासून इअरफोन बंद. संध्याकाळी दिवा लावल्यावर दहा मिनिटं घे. चार-पाच वाक्यांची एक गोष्ट, छापील आणि आवाज दोन्ही असलेली. आधी गोष्ट कशाची आहे ते मराठीत सांग. मग आवाज लाव, ओमचं बोट ओळीखाली. एक वाक्य झालं की थांबव आणि विचार, माकड कुठे गेलं? त्याने काय घेतलं? पुन्हा लाव. तिसऱ्यांदा पुस्तक झाक.

"पण मला कुठे इंग्रजी येतं ताई?" ती म्हणाली. तुला मराठीतच विचारायचंय, म्हटलं, आणि तुलाही त्याच्याबरोबर येईल.

बिनवायरचे इअरफोन तिने मागवले नाहीत. पण तिचा एक प्रश्न राहिलाय. मेसेज ग्रुपवर टाकला तो ओमच्या शाळेतल्या बाईंनीच, आणि वर्गातली आणखी नऊ मुलं सध्या अशीच झोपतायत. बाईंना तोंडावर कसं सांगायचं म्हणून ती अडलीय. म्हणून हे सगळं लिहून काढलं. उद्या सकाळी ती हे त्याच ग्रुपवर टाकणार आहे.